ताबा परत घेताना

आज चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी ऑफिस रिकामं केलं. फॉल्स सीलिंग उतरवल्यावर दिसलं, केबिन बनवण्यासाठी आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरची लाइन सरकवलेली. हे यांनी केलं की आधीच्यांनी? डिपॉझिट अडणार म्हटल्यावर आवाज चढलेच. पण ताबा देतानाचे फोटो आणि जागेच्या स्थितीची, दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली यादी फायलीत होती, म्हणून तिथल्या तिथे मिटलं.

भाडं, लॉक-इन (ठरावीक काळ जागा न सोडण्याची अट), दरवाढ यांवर सगळे तासन्‌तास घासाघीस करतात. जागा कोणत्या स्थितीत परत करायची, हे कलम मात्र कुणी धड वाचत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण शेवटी भुर्दंड बहुतेक वेळा छोट्या कंपन्यांनाच बसतो. उद्या नवी मंडळी जागा बघायला येतायत. ते कलम मी स्वतः त्यांना वाचून दाखवणार आहे, सही व्हायच्या आधी.