जर्मनीत काय करत होता बे?

परत येऊन आता बरेच महिने झाले तरी पानठेल्यावर गेलो की कोणी ना कोणी विचारतेच, "काय बे, तू जर्मनीत काय करत होता?" आणि मी दरवेळी खर्रा घोटून होईपर्यंत काहीतरी थातूरमातूर सांगून विषय पावसावर नाहीतर संत्र्याच्या भावावर नेऊन सोडतो. खरं उत्तर तसं लहानच आहे. बायको ऑफिसात जायची आणि मी पोट्टे सांभाळायचो. दीड वर्ष. पण हे पानठेल्यावर सांगून पाहा एकदा, मग कळेल मी इथं का लिहून राहिलो ते.

आमचं गाव काटोल तालुक्यात, चारही बाजूनं संत्र्याचे बगीचे. बायको नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत, आणि लॉकडाऊनपासून तिचं काम घरूनच, म्हणजे गावातल्या वरच्या खोलीतून, लाइट गेली की इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर गेला की माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. मी एका कॉलेजात सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवायचो, जितके तास घेतले तितके पैसे आणि तेही येतील तेव्हा येतील, बाकीचा वेळ बाबांसोबत बगीच्यात. २०२३ च्या जानेवारीत तिला विचारलं, श्टुटगार्टच्या बाजूला क्लायंटकडे दीड वर्षासाठी जाशील का. तेव्हा चिमी साडेचारची होती आणि गोलू दोनचा.

माय म्हणे, "तुमी दोघं जा ना बाप्पा, पोट्ट्यायले ठेवा माह्यापाशी." हे ती मनापासून म्हणत होती आणि आमच्याकडे असं होतेही, अर्धी पोरं आजीनंच वाढवलेली असतात. पण गोलू दोन वर्षांचा, त्याला दीड वर्ष सोडायचं म्हणजे त्याच्या हिशोबात जवळपास जन्मभर सोडणं झालं, परत आल्यावर तो आईला मावशी म्हणाला असता. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त रात्री जेवताना म्हणाले, "ते कामाले जाईन, पोट्टे शिकाले जातीन. तू काय करशीन?" म्हणजे पानठेल्यावरचा प्रश्न आधी घरातच विचारून झालेला होता.

माझा व्हिसा बायकोच्या नावावर, डिपेन्डन्ट. मराठीत आश्रित म्हणावं लागेल. आमच्याकडे आश्रित म्हटलं की डोळ्यासमोर रेशन कार्ड येते.

मार्चमध्ये गेलो. पत्ता नोंदवला, पत्रपेटीवर आडनाव चिकटवलं (नाव नसलं तर टपाल येतच नाही), आणि थोड्या दिवसांनी पहिली सरकारी पाकिटं आली ती टॅक्स नंबरची. प्रत्येकाला वेगळं. गोलूलाही! ज्याला अजून शी-शू सांगता येत नव्हती त्याच्या नावानं अकरा आकडी टॅक्स नंबर, आदरार्थी मजकुरासकट. त्यानं त्या पाकिटावर बसून बिस्कीट खाल्लं.

पोरांसाठी तिथं किटा असते, म्हणजे आपली अंगणवाडी आणि पाळणाघर एकत्र समजा. एक वर्षावरच्या पोराला अशी जागा मिळणं हा तिथं २०१३ पासून कायद्यानं हक्क आहे, पण हक्क वेगळा आणि जागा वेगळी, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. नंबर लागता लागता सप्टेंबर उजाडला. मार्च ते ऑगस्ट दोन्ही पोट्टे चोवीस तास माझ्याकडे. सकाळी खेळाच्या मैदानावर, दुपारी घरी, संध्याकाळी परत मैदानावर, आणि त्यातही उन्हाळ्यात तिथं रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड, तर पोरांना "रात्र झाली, झोपा" कसं सांगणार, चिमी खिडकीकडे बोट दाखवून म्हणायची "खोटं बोलू नको". मी खिडकीला बायकोच्या दोन गडद ओढण्या पिनांनी लावल्या होत्या. सहा महिने तसंच.

जागा मिळाली तर पहिला कागद मागितला गोवराच्या लसीचा. तिथं मार्च २०२० पासून कायदा आहे, दोन टोचण्यांचा पुरावा नसला तर किटात घेत नाहीत. आता आमचा पुरावा म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरनं भरलेलं माता बाल कार्ड, निळ्या पेनाने लिहिलेलं, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग आणि मागच्या पानावर मायनं लिहून ठेवलेला दुधाचा हिशोब. मी ते नेताना इतका लाजलो होतो. पण डॉक्टरबाईनं चष्मा वर करून प्रत्येक तारीख बोट ठेवून वाचली, नऊ महिन्यांची, मग दुसरी, आणि सगळं एका पिवळ्या पुस्तकात उतरवून शिक्का मारून दिला. लसी तर सगळ्या वेळेवर होत्या! आमच्या आशाताई पावसाळ्यात पांदण रस्त्यानं चिखल तुडवत घरी येऊन ओरडून गेलेल्या आहेत, "उद्या बुधवार हाये, पोरगं आणजा." मी तिथूनच त्यांना फोन लावला. त्यांना वाटलं काही लफडं झालं.

मग किटात रुळवण्याचा कार्यक्रम. यासाठी त्यांची पूर्ण पद्धत आहे. पहिले तीन दिवस बापानं पोरासोबत त्याच खोलीत बसायचं, काही करायचं नाही, नुसतं बसायचं. चौथ्या दिवशी सांगून, टाटा करून काही मिनिटं बाहेर जायचं. पोरगं शांत झालं नाही तर लगेच परत आत, आणि पुढचा प्रयोग घाईनं करायचा नाही. आपल्याकडे अंगणवाडीच्या दारात पोरगं सोडायचं, ते बोंबलते, मदतनीस ताई कंबरेत धरून आत नेते, आपण मागं न बघता गाडीला किक मारायची, दहा मिनिटांत पोरगं खिचडी खात असते. त्यामुळे मला हे सगळं लाडाचं वाटलं. चिमी पाचव्या दिवशी "तू जा ना" म्हणाली. गोलूला चार आठवडे लागले. चार आठवडे मी एका बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो, आणि बाहेर पाठवलं की दाराच्या काचेतून डोकावायचो, तो मला पाहायचा आणि परत रडायचा. शेवटी बाईनं मला कॉरिडॉरमध्ये नेऊन कॉफी दिली आणि काचेवर आतून कागद चिकटवला. बाबा कलम करताना जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, पट्टी बांधतात, त्यानंतर रोज पट्टी सोडून बघत नाहीत ना. मी बघून राहिलो होतो.

त्या कॉरिडॉरमध्ये अजून दोन बाप बसायचे. एक जण पोरासाठी महिनोन्‌महिने सुट्टीवर होता, बापालाही तशी सुट्टी तिथं मिळते आणि पगाराचा काही हिस्सा सरकार देते. त्यानं मला तू काय करतोस हे विचारलंच नाही. पोरगं रात्री किती वेळा उठते, हे विचारलं. आणि गणपतीला आपल्या मराठी लोकांचं एक गेट-टुगेदर होतं तिथं गेलो तर मोदकाचा पहिला घास तोंडात जायच्या आधी एका भाऊंनी विचारलं, "वहिनी जॉबला, मग तुमचं काय?" चार हजार मैल लांब जाऊनही पानठेला सुटला नव्हता.

रोजची कामं सांगत नाही, ती कुठंही सारखीच. एकच सांगतो, जेवणाचा डबा. किटात डब्यात गोड चालत नाही, काकडी, गाजर, ब्रेड, सफरचंद. गोलूला पाहिजे वरणभात. तूरडाळ इंडियन दुकानात, सांबार तुर्की दुकानात मिळायचा, मोठ्या जुडीत. (पुण्याच्या लोकांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर. तिथल्या एका पुणेरी वहिनींनी मी सांबार आणला म्हटल्यावर इडल्या वाफवल्या होत्या.)

थंडीत मात्र जीव गेला. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकतरी पोरगं आजारी नाही असा आठवडा आठवत नाही. एका रात्री गोलूला ताप, थर्मामीटर लावला, ३९.२. घाबरून गावाकडे फोन केला, इकडे पहाट झाली होती, मायला म्हटलं, "ताप एकोणचाळीस आहे." ती दोन सेकंद गप्प, मग, "एकोणचाळीस? अरे मंग पोरगं थंडगार पडलं काय? लवकर शेक त्याले!" आमच्या गावात ताप फॅरनहाइटमध्ये असतो ना, तिच्या हिशोबानं नातू बर्फ झाला होता. एकशेदोनच्या वर आहे सांगितलं तेव्हा तिला हायसं वाटलं. सकाळी डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी छाती-कान तपासून सांगितलं, भरपूर पाणी, आराम, तीन दिवसांत उतरला नाही तर या. सुई नाही, अँटिबायोटिक नाही. मला फसवल्यासारखं वाटलं, इतक्या लांब येऊन नुसतं पाणी? उतरला पण तिसऱ्या दिवशी.

आणि बाबांचे फोन. बाबा पाच वाजता बगीच्यात जातात आणि गेल्या गेल्या व्हिडिओ कॉल लावतात. उन्हाळ्यात तिथं रात्रीचा दीड, हिवाळ्यात घड्याळ एक तास मागं जाते म्हणून साडेबारा. ऑगस्टमध्ये आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली तेव्हा रोज रात्री दीड वाजता मी बाथरूममध्ये बसून झाडाखालची गळालेली हिरवी फळं पाहायचो. बाबा काही बोलायचे नाहीत, नुसता मोबाइल झाडाझाडाखालून फिरवायचे. "तू काय करशीन" ह्याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे नव्हतं.

आता तान्हा पोळा, म्हणजे पोट्ट्यांचा लाकडी नंदीचा पोळा. हे सांगायलाच खरं तर बसलो होतो.

श्टुटगार्टच्या भागात केअरवोखं म्हणून एक प्रकार आहे. बिल्डिंगमधले भाडेकरू आळीपाळीनं जिना झाडतात-पुसतात, ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी लटकते. आठवडा झाला की ती पाटी शेजाऱ्याच्या दाराला. आमच्या खाली एक म्हातारी राहायची, ऐंशीच्या आसपास, तिचं लक्ष त्या पाटीवर पोलीस पाटलासारखं. पहिल्या पाळीला मी खराटा चालवल्यासारखा जिना झाडला तर ती पायरीचा कोपरा बोटानं दाखवून गेली. कोपरे राहिले होते. बायकोला सांगितलं तर ती हसत म्हणाली, तुझी सासू असती ना इथं तर अशीच असती.

२०२३ ला पोळा चौदा सप्टेंबरला होता, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. व्हिडिओवर गावातले पोट्टे लाकडी नंदी सजवताना पाहून चिमी रडायला लागली, तिचा नंदी माळ्यावर, गावात. मग मी गोलूची लाउफराड घेतली. ही बिनपेडलची लाकडी सायकल असते, पायानं ढकलायची. पुढं पुठ्ठ्याचं तोंड, पुठ्ठ्याची शिंगं, शिंगांना चमकी, वर बायकोच्या लाल ब्लाउजपीसची झूल, गळ्यात देवघरातली घंटी. दोघं पोट्टे ते ढकलत बिल्डिंगमध्ये दारोदार, बोजारा (नंदी घेऊन आलेल्या पोट्ट्यांना द्यायचा खाऊ-पैसे) मागायला. बोजारा हा शब्द जर्मनमध्ये कसा सांगायचा मला कळेना, चिमीनं सरळ हात पुढं केला. वरच्या मजल्यावरच्यांनी बिस्किटं दिली. त्यांना वाटलं इंडियन हॅलोविन, पण दीड महिना आधी. खालच्या म्हातारीनं दार उघडलं, नंदीकडे बराच वेळ पाहिलं, आत गेली, मला वाटलं आता जिन्यात आवाज केला म्हणून बोलणार. ती एक एक युरोची दोन नाणी घेऊन आली आणि एक गाजर. गाजर नंदीला. म्हणाली, लहान असताना तिच्या बापाकडे दोन गाई होत्या, त्याच नांगराला जुंपायचे, घोडा परवडायचा नाही. इतकं मला माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये कळलं, बाकीचं ती बोलत राहिली आणि मी मान हलवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बेल. म्हातारी. जिनाभर चमकी सांडलेली होती आणि पाटी आमच्या दाराला होती. कोपरे दाखवून गेली.

ऑगस्ट २०२४ मध्ये परत आलो, पोळ्याच्या आधी, मुद्दाम. शाळा उघडून दोन महिने होत आले होते पण जिल्हा परिषदेच्या मास्तरांनी चिमीला पहिलीत बसवून घेतलं. ती एकसाठी अंगठा दाखवते, दोनसाठी अंगठा आणि पहिलं बोट, तिकडं तसंच मोजतात. मास्तरांनी "दोन नि एक किती" विचारलं, हिनं अंगठा धरून तीन बोटं काढली, पोरांनी पूर्ण आठवडा तिची नक्कल केली, आता अर्धा वर्ग तसंच मोजतो. जर्मन मात्र पटापट विसरत चालले, पावसात मातीचं घर धुपावं तसं. दोघं भांडतात तेव्हाच थोडं निघते, कारण तिथं भांडायला तीच भाषा होती.

गोलूचं एक राहिलं आहे. तिकडं प्लास्टिकची बाटली रिकामी झाली की दुकानातल्या मशिनीत टाकायची आणि पंचवीस सेंट परत, तेव्हाच्या भावानं बावीस-तेवीस रुपये. आमच्या दर शनिवारच्या आइस्क्रीमचे पैसे त्यातूनच निघायचे, मशीनमध्ये बाटली टाकायचा मान गोलूचा. तर मागच्या महिन्यात गावात लग्न होतं, मांडवामागं पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, आणि ह्यानं तीन-चार पोट्टे जमवून युरियाच्या पोत्यात सगळ्या भरल्या. एकशेचाळीसच्या वर असतील. पोतं ओढत घरी, "बाबा, मशीन कुठं आहे?"

भंगारवाला आला तेव्हा त्यानं पोतं हातानं तोलून पाहिलं आणि वीस रुपये म्हणाला. गोलूनं पोत्यावर बसून नाही म्हटलं. एका बाटलीचे वीस म्हणाला. माझे बाबा ओट्यावर बसून हे पाहत होते, ते भंगारवाल्याला म्हणाले, "जाय बाप्पा तू, मालकाचा भाव नाई जमत." पोतं अजून गोठ्यात आहे.