नळीमागचं वर्तमानपत्र

जळगावहून पहाटे साडेचारला निघालो. चोपडा, शिरपूर, शहादा करत धडगावच्या पुढच्या त्या आश्रमशाळेत, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिराला पोचायला दहा वाजले. घाटात मी मांडीवरची काळी डबी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. आत एक लाल एलईडी, समोर उजेड मोजणारा एक फोटोडायोड, मधे परीक्षानळीपुरती खाच. दोन वर्षांचं काम.

मी शिकवतो भौतिकशास्त्र. सिकलसेलकडे वळलो तो सातपुड्यातल्या विद्यार्थ्यांमुळे. भिल्ल, पावरा वस्त्यांत हा आजार घराघरात ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. पण ऑक्सिजन गेला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं. शिबिरातली सोल्युबिलिटी टेस्ट यावरच चालते. द्रावणातलं डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं आणि सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर नळी गढूळ होते. गढूळ म्हणजे प्रकाश विखुरला. म्हटलं, हे तर आपलं खातं!

सिस्टरची पद्धत साधी. नळीमागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं वाचता आली तर निगेटिव्ह. माझी डबी तेच आकड्यात सांगणार होती. तिचे आकडे फक्त माझ्या वहीत जायचे, निकाल सिस्टरचाच.

साडेअकरापर्यंत दोघांचं जुळलं. बारानंतर डबी प्रत्येक नळीला पॉझिटिव्ह म्हणू लागली. सलग नऊ. सिस्टरने दहावी नळी पेपरापुढे धरून कांद्याचे भाव मोठ्यानं वाचून दाखवले.

वायर तपासल्या, बॅटरी बदलली. दारात उभा आमचा ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुमना मशीनले ऊन लागनं वाटस." सगळे हसले. मी पत्र्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. तापलं की लाल एलईडीचा उजेड घटतो, हे मीच वर्गात शिकवतो. किती कमी उजेडाला पॉझिटिव्ह म्हणायचं, ती डबीची सीमा ठरवलेली एसीच्या प्रयोगशाळेत, 25 अंशांवर. इथे टेबलावरचा थर्मामीटर 42 दाखवत होता. प्रकाश मुळातच कमी निघत होता, आणि डबी त्याचं खापर रक्तावर फोडत होती. मग दर नमुन्याआधी खात्रीची स्वच्छ नळी ठेवायची आणि दोन आकड्यांचं गुणोत्तर घ्यायचं ठरवलं. गाडी रुळावर आली.

दुपारी एक आई सहा-सात वर्षांच्या पोराला घेऊन आली. आशाताई पावरीतून विचारून सांगत होत्या: हातपाय दुखतात, रात्री रडतो. नळी स्वच्छ. डबीही स्वच्छ म्हणाली, अगदी ठामपणे. मी वहीत 'निगेटिव्ह' लिहिलंसुद्धा.

सिस्टरने पोराची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. "याच्यात रक्तच कुठंय सर? दुप्पट घालून बघते." हिमोग्लोबिन फार उतरलेलं असेल तर ही टेस्ट फसते. द्रावणात गढूळ व्हायला पुरेसं काही नसतंच. दुप्पट रक्त घातलं, पाच मिनिटं थांबलो. पेपरावरचा मथळाही दिसेना.

टेस्ट एवढंच सांगते की सिकलचं हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे विजेच्या साहाय्यानं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीत कळतं. त्यासाठी नमुना रवाना झाला. सिस्टरने आईला पुढच्या आठवड्याचा वार दोनदा म्हणायला लावला.

परतीच्या घाटात वही उघडून मी 'निगेटिव्ह'वर काट मारली. डबीत आता दुसरा, हिरवा एलईडी आहे. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, लाल फार कमी. त्यामुळे नळीत मुळात रक्त किती आहे हे आधी हिरवा सांगतो, गढूळपणा नंतर लाल. पोराचं काय निघालं ते विचारायला सिस्टरना फोन केला. तो रुग्णच निघाला, औषधं सुरू झालीत. नव्या डबीचं सांगितलं तर म्हणाल्या, "आणा की. पण मे महिन्यात आणा."