पेटीच्या सुरात बेसी स्मिथ

आजची सुट्टी ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गानप्रकारातली गायिका बेसी स्मिथ ऐकण्यात गेली. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘सेंट लुईस ब्लूज’मध्ये तिच्या प्रत्येक ओळीला जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य) उत्तर देते आणि मागे फ्रेड लाँगशॉची हार्मोनियम संथपणे सूर धरून राहते, नाट्यसंगीतावर वाढलेल्या माझ्या कानाला ती पेटी (हो, पेटीच!) तत्काळ ओळखीची वाटली. ध्वनिक्षेपकाविना कार्यक्रमाचा तंबू भरून टाकणारा बेसीचा तो आवाज पुढे जॅझ गायिका बिली हॉलिडेनेही आदर्श मानला. १९३७ साली मोटार अपघातात बेसी गेली, परंतु तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडले आणि त्याच्या खर्चाचा वाटा रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने उचलला, हे वाचल्यावर मी तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा लावली.