माझा अनुभव : चकली घरात रुळेपर्यंत

चकली म्हणजे आमची बॉल पायथॉन, छोट्या अजगराची एक जात. नाव आईने ठेवलं, कारण पिशवीतून बाहेर आली ती इतकं गच्च वेटोळं करून बसली की तोंड कुठे आणि शेपटी कुठे तेच कळेना. या सापाचं इंग्रजी नावही त्यावरूनच पडलंय, घाबरला की डोकं मधोमध लपवून चेंडू करून बसतो, सहसा अंगावर वगैरे धावून येत नाही. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी, मोठा झाला तरी साधारण तीन ते पाच फूट. आणि नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं जगतो, हे मी घरी आणायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणली, आता मार्च संपत आलाय. त्यातले पहिले तीन आठवडे माझा जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि तेव्हा मराठीत वाचायला काही सापडलं नाही म्हणून हे लिहितेय.

आधी कागदांचं. आपल्याकडचा कुठलाही साप, अगदी धामण असो नाहीतर आपला अजगर, घरी पाळणं हा गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि अजगर तर त्यात पहिल्या शेड्यूलमध्ये आहे. बॉल पायथॉन परदेशी असला तरी तो सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतो, त्यामुळे आपल्या कायद्याची 2022 ची दुरुस्ती आणि मग 2024 चे नियम आल्यापासून सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. मी ब्रीडरला, म्हणजे साप वाढवून विकणाऱ्याला, पैसे द्यायच्या आधी नोंदणी बघितली, नावावर करून घ्यायची प्रोसेस समजून घेतली आणि मगच हो म्हटलं. कागद नाहीत पण स्वस्तात देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडून घेऊ नका, तो साप कुठून कसा आलाय कोणालाच माहीत नसतं.

बाबांची काही हरकत नव्हती. 1980 साली नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांबरोबर 72 तास राहिले होते ते बाबा अजून सांगतात, आणि पुण्यातल्या कात्रजच्या सर्पोद्यानात आम्ही लहानपणापासून जातोय. आईची अट एकच, झाकण उघडं दिसलं तर त्याच दिवशी साप परत.

म्हणून सुरुवात झाकणापासून केली. दादाचा तीन फुटी जुना फिश टँक माळ्यावर पडून होता, त्याला सुताराकडून बारीक जाळीचं झाकण करून घेतलं आणि चारही बाजूंना क्लिपा. पिल्लाचं डोकं जिथून जाईल तिथून अख्खं पिल्लू जातं हे डोक्यात ठेवून मी पेन्सिल घेऊन सगळ्या फटी तपासल्या, मागच्या कोपऱ्यात एक सापडली, ती सिलिकॉनने बुजवली आणि वास पूर्ण जाईपर्यंत टँक गॅलरीत ठेवला. खाली घालायला नर्सरीतून नारळाच्या सालीचे तुकडे आणले. लपायला दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, म्हणजे तिला ऊब की आडोसा असं निवडायला लागत नाही, त्यासाठी कुंभारवाड्यातून एकाच मापाची दोन छोटी मडकी आणून अर्धी कापून घेतली आणि कडा पॉलिश पेपरने घासल्या.

हीट मॅट, म्हणजे टँकला ऊब देणारी विजेची चटई, आणि ठरवलेल्या तापमानाला ती बंद करणारा थर्मोस्टॅट तपकीर गल्लीतून आणला. इथे माझ्याकडून मोठी चूक होणार होती. मॅट टँकच्या तळाला बाहेरून एका बाजूला चिकटवली आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर आत हवेत लोंबता सोडला, 32 वर सेट केला, आणि आकडा 27-28 च्या वर जाईना म्हणून मॅट तापतच राहिली. दुसऱ्या दिवशी सहज सालीखाली हात घातला तर काच चटका बसेल इतकी गरम. कोरोनातली कपाळावर धरायची तापमानाची गन घरात होती, तिला सरफेस मोड असतो, त्याने बघितलं तर 44. साप तेव्हा आणलाच नव्हता म्हणून वाचलो, कारण हे साप सालीत शिरून थेट काचेवर जाऊन बसतात आणि पोट भाजेपर्यंत बसून राहू शकतात. मग सेन्सर त्या मडक्याच्या खालीच काचेला टेपने पक्का चिकटवला, गरम बाजू 32, थंड बाजू 25-26. असा रिकामा टँक तीन दिवस चालू ठेवला, रात्री उठून उठून आकडे वहीत लिहिले आणि मगच आणायला गेले. हे तीन दिवस कोणीही वाचवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आणली ती कापडी पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या डब्यात, आणि रिक्षात डबा पूर्णवेळ मांडीवर. घरी वजन केलं, 92 ग्रॅम. त्यासाठी वेगळा डिजिटल काटा घेतलाय, स्वयंपाकघरातला नाही. मग पिशवी तशीच टँकमध्ये ठेवून तोंड सोडलं आणि बाजूला झाले.

पहिल्या चार रात्री ती काचेला नाक घासत फिरत होती. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, परत पहिल्या, आणि दिवसा मडक्यात न जाता पाण्याच्या भांड्याच्या मागे अंग चोरून बसायची. मी दर दोन तासांनी जाऊन मोबाईलचा टॉर्च मारायचे, मडकं उचलून बघायचे की आत आहे का, पाणी बदलायचे, आर्द्रता कमी दिसली की स्प्रे मारायचे, म्हणजे दिवसातून सात-आठ वेळा ते झाकण उघडत होतं. ब्रीडर म्हणाला टँक मोठा पडतोय, छोट्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. डबा आणायला बोहरी आळीत गेलेही, पण तिथे उभी असताना माझ्या डोक्यात आलं की ती बसते कुठे, तर भांडं आणि काच यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत. म्हणजे तिला सगळ्या बाजूंनी अंगाला काहीतरी टेकलेलं हवंय. आमच्या टँकमध्ये दोन मडकी सोडली तर मधे नुसतं मैदान होतं आणि चारही बाजूंनी काच, आणि मडकीही तिच्या मानाने ऐसपैस.

तसंच घरी आले. तीन बाजूंना बाहेरून काळा चार्ट पेपर लावला, त्यावर थंडीसाठी थर्माकोल. मडक्यांमध्ये साल भरून आतली जागा कमी केली, इतकी की वेटोळं जेमतेम मावेल. मधल्या मैदानात प्लास्टिकच्या वेली, टिशू रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, चुरगळलेला कागद, काय वाट्टेल ते भरलं. दिसायला टँक अगदीच गबाळा झाला. पण दुसऱ्या सकाळी ती गरम बाजूच्या मडक्यात होती आणि नाकाचा शेंडा फक्त बाहेर. काच घासणं त्या रात्रीपासून बंद. डबा वाईट असं मी म्हणत नाही, खूप लोक डब्यात उत्तम ठेवतात, पण जागा मोठी असण्यापेक्षा उघडी असण्याचा तिला त्रास होता हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता खाणं. फ्रोझन उंदराची पिल्लं मिळतात, पण आईने आधीच सांगितलं होतं, माझ्या फ्रीजमध्ये नाही, आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे एक जुना छोटा फ्रीज घेऊन माझ्या खोलीत ठेवला. चिमटा वेगळा, वाटी वेगळी, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू, असू शकतात.

आठव्या दिवशी पहिल्यांदा दिलं. तिने डोकं मागे घेतलं आणि चेंडू. नवव्या दिवशी परत दिलं. अकराव्या दिवशी परत, तेव्हा तर चिमटा आत गेल्या गेल्याच चेंडू. मी रडकुंडीला आले होते. काय काय वाचून डोकं भणभणलं होतं, जबरदस्तीने भरवायचे व्हिडिओसुद्धा बघून झाले. शेवटी ओळखीतून एका काकांचा नंबर मिळाला, ते बरीच वर्षं हे साप सांभाळतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती उतरलंय?" मी म्हटलं 92 चं 89. "मग तिला काहीही झालेलं नाही. तू रोज दार वाजवतेयस, ती रोज लपतेय. आता सात दिवस झाकणाला हात लावायचा नाही, पाणी सोडून. खोलीतला दिवा लवकर बंद. जबरदस्ती अजिबात नाही, कळलं का बाळा?"

ते सात दिवस. माझे हात नुसते शिवशिवायचे. टँकच्या पुढच्या काचेवरही टॉवेल टाकला. पुण्यात त्या आठवड्यात रात्री गारठा होता आणि नेमकी एका रात्री दीडच्या सुमारास लाईट गेली, मी आणि बाबांनी गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून टँकच्या बाहेर टेकवल्या, वरून ब्लँकेट टाकलं, हवेला फट ठेवून. पहाटे पाचला लाईट आली तेव्हा आत 25 होतं. तेवढं सोडून काहीच केलं नाही. आर्द्रतेचाही प्रश्न याच आठवड्यात सुटला, जाळीतून सगळी वाफ उडून जात होती म्हणून 34 टक्क्यांवर अडकलेलं, दोन तृतीयांश जाळी प्लास्टिकने झाकली आणि पाणी बदलताना एक कप पाणी कोपऱ्यातल्या सालीत ओतलं, वरून स्प्रे नाही. 62 वर गेलं आणि तिथेच राहिलं.

एकविसाव्या दिवशी, रात्री साडेदहा. उंदराचं पिल्लू आदल्या रात्रीपासून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवलेलं, मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरलं, गनवर 38 येईपर्यंत, आणि टिशूने कोरडं केलं. खोलीत अंधार, फक्त बाहेरच्या पॅसेजचा उजेड. ती मडक्याच्या तोंडाशी होती. मी चिमटा हळू पुढे नेला आणि चार बोटं अंतरावर थांबवला. जीभ बाहेर आली, आत गेली, परत आली, मग भराभरा. तिच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यांनी तिला समोरची ऊब कळते, आणि डोकं त्या पिल्लाच्या दिशेने असं वळलं की जणू दोरीने ओढलंय. मान मागे जाऊन एस झाला. माझा श्वास अडकलेला. आणि मग मला काही दिसलंच नाही, फक्त चिमट्याला हिसका बसला आणि बघते तर पिल्लाभोवती दोन वेढे. हात थरथरत होते, तरी चिमटा सोडवून झाकण अगदी सावकाश लावलं.

तिने पाच-सात मिनिटं तसंच धरून ठेवलं. मग सैल केलं, नाकाने चाचपडत डोकं शोधलं आणि तिथून गिळायला लागली, जबडा एकदा डावीकडून पुढे, एकदा उजवीकडून, पावलं टाकल्यासारखा. शेवटची शेपटी आत गेली, तिने दोनदा मोठी जांभई दिली, जबडा जागेवर बसवला आणि पाठीमागे सरकत मडक्यात गेली. मी बाहेर येऊन आईला नुसती मिठी मारली. आई म्हणाली, "जेवली का गं?" तिने विचारलेला सापाबद्दलचा तो पहिला प्रश्न होता.

त्यानंतर दोन दिवस पूर्ण आराम, पचेपर्यंत उचलायचं नसतं, नाहीतर उलटी करतात. फेब्रुवारीत डोळे दुधी निळे झाले, पोट गुलाबी दिसायला लागलं, म्हणजे कात टाकणार. त्या दिवसांत त्यांना नीट दिसत नाही, म्हणून खाणं दिलं नाही. आईस्क्रीमच्या डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, भरून ठेवलं, त्यात ती दोन दिवस बसून होती. कात एका सकाळी वेलीत अडकलेली सापडली, अख्खी, पायमोजा उलटा काढावा तशी. मी ती उजेडात धरून आधी डोळ्यांवरचे दोन गोल पारदर्शक खवले आलेत का ते बघितलं, कारण ते मागे राहिले तर त्रास होतो. दोन्ही होते. बाबांनी ती टेपने मोजली आणि पुस्तकात घालून ठेवली.

हातात मी तिला चौथ्या जेवणानंतर घेतलं, पाच मिनिटं, वरून न पकडता खालून हात घालून. आधी चेंडू झाली, मग मी हललेच नाही, तेव्हा हळूच डोकं बाहेर काढून माझ्या मनगटावर जीभ लावली. इतकी हलकी की लागलेलं कळलंही नाही, दिसलं म्हणून कळलं. आता आठवड्यातून दोनदा घेते, खायच्या दिवशी नाही आणि नंतरचे दोन दिवस नाही.

उन्हाळ्याचं टेन्शन आहे, खोली 35 च्या वर गेली तर काय करायचं ते काकांना विचारून ठेवलंय, टँक उत्तरेच्या भिंतीला हलवतोय आम्ही. शनिवारी सातवं जेवण झालं. वहीत लिहिलंय : पिल्लू 13 ग्रॅम, चकली 119, पहिल्या झटक्यात घेतलं.