अंजिराचं पान

मंडईत भर दुपारी जाऊ नये हे ठाऊक असूनही गेलो. निम्मे गाळे पेंगत होते. एका पाटीत पुरंदरची अंजिरं होती, खाली-वर त्याचीच हिरवी पानं. मावशींनी अर्धा किलो तोलली आणि वरून एक पान झाकून दिलं. घरी येईस्तोवर देठाचा चीक बोटांना लागून खाज सुटली. पान कसलं, पॉलिश पेपरच तो. आणि हे आदाम-हव्वेनं कमरेला गुंडाळलं होतं!

दर जानेवारीत मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून वाचायला घेतो आणि दर वर्षी लेवीयात, तिसऱ्याच पुस्तकात, अर्पणांच्या नियमांपाशी, गाडी बंद पडते. त्यामुळे उत्पत्तीचे पहिले अध्याय तेवढे घोटून झालेत. ज्या फळावरून एवढं रामायण घडलं त्याचं नावही तिथं नाही. सफरचंद आपलं चित्रांतलं. बागेतलं आपल्या ओळखीचं, नाव घेऊन सांगितलेलं झाड एकच, अंजिराचं, आणि तेही पानांसाठी.

शब्बाथ शाळेत मी विचारलं होतं, "पानं शिवली, मग सुई-दोरा कुणी दिला?" बाईंनी बाकावर उभं केलं. घरी आजी म्हणाली, "पत्रावळीसारखी टाचली असतील काड्यांनी." मग तांदूळ निवडता निवडता, "संध्याकाळपर्यंत वाळून कुरकुरली असतील रे. झाडाआड लपून काय उपयोग?"

आजीकडे पंडिता रमाबाईंचं भाषांतर होतं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी ते केलं. १९२२ साली त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९२४ला. पण देवळात वाचतात त्या प्रतीतला एक शब्द मला फार आवडतो. देव बागेत फिरायला येतो तो 'शिळोप्याच्या वेळी'. ऊन उतरलेलं, वारा सुटलेला. आमच्या गुरुवार पेठेत त्या वेळेला पंच हौद चर्चच्या घंटा ऐकू यायच्या.

अशाच एका संध्याकाळी पाळकसाहेब यायचे होते म्हणून आणलेल्या अंजिरांतली पाच मी गट्टम केली. नेमकी कच्ची. ओठ चुरचुरायला लागले तसा कॉटखाली शिरलो. आजी आली. चादरीखालून माझे पाय दिसत होते, तरी म्हणाली, "कुठं आहेस रे?"

मी गप्प.

"कुठं आहेस?"

तिसऱ्या अध्यायातलं पाळक जे वचन हमखास घेतात ते सापाचं. स्त्रीची संतती त्याचं डोकं फोडील, तो तिची टाच. तारणाची पहिली बातमी ती हीच, असं म्हणतात. असेल. १६१६ साली छापून आलेलं 'ख्रिस्तपुराण' फादर स्टीफन्सनी रचलं, तेव्हा ख्रिस्तापर्यंत पोचायला त्यांनाही आधी आदामाची गोष्ट सांगावी लागलीच. माझं घोडं मात्र त्याच्या पुढच्या एका ओळीपाशी अडतं. देवानं त्या दोघांना चामड्याची वस्त्रं करून घातली. बागेबाहेर काढलं ते त्यानंतर. शिक्षा सुनावून झालेली, पहाऱ्यावरचे करूब देवदूत आणि ज्वालेची तलवार पुढच्याच ओळींत उभी, आणि मध्येच हे शिवणकाम. चामडं म्हणजे कुठलंतरी जनावर गेलंच असणार. त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. शास्त्रात पुढं कोकरं येतात, वेद्या येतात, क्रूस येतो. मी लेवीयातच अडकतो, म्हणून असेल, पण मला हे पहिलं, बिननावाचं जनावर जास्त आठवतं.

आजीनं मला कॉटखालून ओढून काढलं, मांडीवर घेतलं आणि ओठांना खोबरेल लावलं. सावकाश, बोटाच्या टोकानं. बाटलीचं झाकण नीट बसवलं.

मग धपाटा घातला. चांगला सणसणीत.