अकराव्या नोंदीवर अडकलेला लूप

दापोलीत मी अकरावी-बारावीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. लूपचा, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवण्याचा, पहिला मोठा सराव सगळ्यांना एकच: रोजच्या आकड्यांची सरासरी काढा. आकडे मात्र ज्याने त्याने घरून आणायचे, हा माझा आग्रह. पुस्तकातले आकडे फार शहाण्यासारखे वागतात, त्यात चूक लपून राहते.

हर्णैच्या एका मुलीने वडिलांच्या वहीतून त्यांच्या नौकेला रोज किती किलो मासळी मिळाली ते उतरवून आणलं. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टपासून ऑक्टोबर अखेरपर्यंतच्या ९२ नोंदी होत्या. शून्याचे दिवस वगळायचे आणि उरलेल्यांची सरासरी काढायची, एवढंच काम. तिने प्रोग्राम चालवला. उत्तर येईना, चूक दाखवणारा संदेशही येईना, नुसता कर्सर लुकलुकत राहिला.

"मॅडम, ब्याण्णव आकडे जास्त होतात का याला? पहिले दहाच दिले तर लगेच उत्तर येतं."

तिने पाहिलं होतं ते खरं होतं, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकला होता. नवशिके सगळ्यात जास्त इथेच फसतात. लूपला ब्याण्णव आकडे म्हणजे काहीच नाही. ब्याण्णव हजारांची बेरीजसुद्धा क्षणात होते. विचारायचं ते हे, की पहिल्या दहांत नाही असं पुढे काय आलं?

दुरुस्ती मला दिसली होती, पण मी ती सांगितली नाही. लूपच्या आत अगदी पहिल्या ओळीला प्रिंट टाकायला लावलं: आय, म्हणजे यादीत आपण कुठल्या जागेवर आहोत ते सांगणारा चल, त्याची किंमत आणि त्या जागेवरचा आकडा. आता पडदा भरून वाहायला लागला. १० आणि ०, १० आणि ०, पुन्हा १० आणि ०. कंट्रोल-सी दाबून थांबवावं लागलं.

तिने लगेच वहीतली दहावी नोंद काढली. तिथे चांगली चाळीस किलो मासळी होती. ती माझ्याकडे बघायला लागली. यादीची मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणजे आय दहा असताना आपण अकराव्या नोंदीवर असतो. (मोजणी शून्यापासूनच का बरी, यावर संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एक छोटं टिपण लिहिलं, मुलं जरा रुळली की मी ते आवर्जून समजावते.) अकरावी नोंद ११ ऑगस्टची. शून्य, आणि पुढे वडिलांच्या अक्षरात 'वारा'.

मग कागद घेतला. तीन रकाने: आय, आकडा, बेरीज. प्रोग्राम बाजूला ठेवून तिने स्वतः तो हाताने चालवायचा. आकडा शून्य असेल तर कंटिन्यू, म्हणजे खालचं सोडून पुन्हा वर जा. नाहीतर बेरजेत मिळव आणि आय एकने वाढव. तिने आयच्या रकान्यात दहा लिहिले, खाली पुन्हा दहा, आणि पेन्सिल थांबली.

"आय वाढवायची ओळ कंटिन्यूच्या खाली आहे. शून्य आलं की तिथवर पोचतच नाही!"

असल्याच चुकीने ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे झून ३० हे गाणी ऐकायचे प्लेअर बंद पडले होते, ते मी तिला सांगितलं. ते लीप वर्ष होतं आणि तो वर्षाचा ३६६वा दिवस. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फिर, असा लूप; पण लीप वर्षात दिवस ३६६ पेक्षा जास्त असले तरच ते वजा व्हायचे. नेमके ३६६ आले आणि काहीच वजा होईना. अनुभवी माणसांच्या हातून गेलेली ही चूक ऐकून तिचा चेहरा मोकळा झाला.

तिचा लूप व्हाइलचा होता, त्यात आय स्वतः वाढवावा लागतो; तो काढून तिने फॉरचा वापरला. यादीतला एकेक आकडा आपोआप पुढे येतो, आय वाढवायची ओळच उरत नाही. भागताना यादीची लांबी न घेता वेगळा मोजणीदार ठेवला. सरासरी आली. मी पुढच्या मुलाकडे वळले, तर तिने पुन्हा हाक मारली.

"मॅडम, सगळी शून्यं सारखी नाहीत. वाऱ्यामुळे नौका गेलीच नाही, ते एक. आणि जाऊन रिकामी आली, ते दुसरं. त्या दिवशी डिझेल जळलं, बर्फ नेला, खलाशी दिवसभर राबले. तो दिवस कसा वगळायचा?"

सराव मी दिला होता, पण हा भेद तिच्या घरच्या वहीतच कळणार होता. नौका गेली नाही त्या दिवसांना शून्याऐवजी नन (None, म्हणजे पायथनमध्ये 'इथे किंमतच नाही') लिहायचं, आणि फक्त ननलाच वगळायचं, असं आम्ही ठरवलं. तिने वही मांडीवर घेऊन एकेक नोंद पुन्हा तपासली. रिकाम्या परतलेल्या दिवसांची शून्यं तशीच ठेवली. सरासरी आधीपेक्षा खाली आली, आणि वडिलांना दाखवायला तिने हीच उतरवून घेतली.