डबी काउंटरवरच

साधे जुलाब असते तर मी घरातच निभावलं असतं. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंचे असतात. त्यांना अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, ओआरएस आणि झिंक पुरतं. पण नातवाला ताप चढला, मुरडा येऊन आव-रक्त पडू लागलं, तेव्हा सुनेला म्हटलं, आता घरगुती पुरे. शेजारच्या वहिनी केमिस्टकडून ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलचं औषध आणायला सांगत होत्या. त्यांच्याकडे दरवेळी तेच येतं. डॉक्टरीणबाईंनी नाव ऐकूनच मान हलवली. शिगेला नावाचा जंतू असावा म्हणाल्या, आणि ऑफ्लोक्सासिनच्या गटातली औषधं आपल्याकडे त्याच्यावर आता फारशी चालत नाहीत. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रक्ती आवेला त्याच गटातलं सिप्रोफ्लॉक्सासिन हेच पहिलं औषध सांगितलं होतं. तिच्याच २०२४ च्या यादीत त्या गटाला दाद न देणारा शिगेला चिंतेच्या जंतूंमध्ये बसलाय. म्हणून आधी स्टूल कल्चरला, म्हणजे शीतला जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, नमुना द्यायचा, मग औषध.

आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून जवळ म्हणून एका कलेक्शन सेंटरवर गेले. काउंटरवरच्या मुलानं डबीला लेबल लावलं आणि ट्रेमध्ये ठेवून दिली. "मासी, गाडी सांजे आवशे." नमुने न्यायला गाडी संध्याकाळी! तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर कॅरी-ब्लेअरच्या, म्हणजे जंतू जिवंत ठेवणाऱ्या नळीत द्या. हा जंतू शरीराबाहेर नाजूक. डबीत बाकीचे जंतू माजतात, आंबटपणा वाढतो, आणि हा मरून जातो. मग रिपोर्ट येतो 'काही सापडलं नाही', आणि लोक समजतात आजारच नाही. मुलाला त्या नळीचं नावही ठाऊक नव्हतं. त्यानं इनचार्जला फोन लावला, तर नवीनच निघालं: पावतीवर नुसतं 'रूटीन', म्हणजे साधी तपासणी. चिठ्ठीवर 'कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी' ढळढळीत लिहिलेलं! पावती बदलायची तर आधी रद्द करायची, रद्द करायची तर ओटीपी, आणि ओटीपी माझ्या लेकाच्या मोबाइलवर, जो मकरपुऱ्यात मशीनच्या आवाजात फोन उचलत नव्हता. "बसो ने, मासी." बसले. पंखा काउंटरच्या आतल्या बाजूला. डबी माझ्यासमोर, ट्रेमध्ये, उन्हाच्या पट्ट्यात.

शेवटी ओटीपी गेला खड्ड्यात म्हटलं, डबी उचलली आणि रिक्षानं त्यांच्या मुख्य लॅबला गेले. तिथल्या बाईंनी आधी एकच विचारलं, नमुना किती वाजता घेतला? ऐकून डबी बाजूला सारली आणि कॅरी-ब्लेअरची नळी हातात दिली, नव्यानं आणा म्हणून. नव्या नमुन्याची काही अडचण नव्हती, पोरगं बिचारं सारखं बसतच होतं.

औषध नमुना दिल्याबरोबर सुरू झालं, रिपोर्टची वाट पाहिली नाही. जंतू वाढायला एक दिवस आणि कुठलं औषध चालतं ते बघायला आणखी एक, एवढा वेळ लागतोच. त्यासाठी लॅबवर चिडू नका. रिपोर्टात शिगेला सोनाय, शिगेलाचाच एक प्रकार. सिप्रो, अँपिसिलिन, कोट्रायमोक्साझोल, सगळ्यांपुढे 'आर', म्हणजे निकामी. अझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रियाक्झोनपुढे 'एस', म्हणजे चालतं. अझिथ्रो चालूच होतं, तेच पुरं केलं. वहिनींना मी रिपोर्ट मुद्दाम दाखवला.

पैसे भरण्याआधी गाडीची वेळ विचारा आणि पावतीवरचा शब्द वाचा. नमुन्यात आव-रक्ताचा भाग घ्या, लघवी मिसळू देऊ नका. हो, ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, पेलाभर पाण्यात अंदाजानं चमचा टाकून नाही. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या पोरांना अजिबात नाहीत. शू-शी धुतल्यावर हात साबणानंच धुवा, शिगेलाचे दहा-वीस जंतूही पोटात गेले तर पुरतात. आणि झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस. आमच्याकडे चौथ्या दिवसापासूनच सून म्हणायला लागली होती, आता कशाला.